एक जून, एक जुलै

कागदावर माझा जन्म १ जुलै १९६१चा आहे. म्हणजे ३० जून २०१९ला मी सेवानिवृत्त. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो असा नियम आहे. इतरांना निदान आपला महिना तरी पुरा मिळतो. त्यातून आमची वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. ती एका दिवसानं हुकायची. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दिली पाहिजे असा निकाल दिला, पण तेव्हा तसं काही नव्हतं आणि आम्ही मंडळी त्यावर हसून घ्यायचो.

आमच्या पिढीचे मेअखेर नाहीतर जूनअखेर घरी जाणारे शिक्षक इतके का, हे गावाकडच्या वाचकाला सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. मे-जूनच्या त्या दिवसांत झाडीपट्टीतल्या बायांना जास्त पोरं होत होती असं नाही. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची. मास्तर पोराकडं बघायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहायचे, आणि पाच वर्षं पूर्ण बसतील अशी एक जून किंवा एक जुलै लिहून टाकायचे. ब्रम्हपुरी तालुक्यातल्या माझ्या गावी माझ्या गुरुजींनी मला तशीच तारीख दिली. पुढे मी स्वतः गुरुजी झालो, आणि मीही तेच केलं.

माझी शाळा नागभीडपासून दहा-अकरा किलोमीटरवर, जंगलाच्या काठी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसं तिथंच राहतात. सहायक शिक्षक म्हणून मी तिथं १९८९ ते १९९६ होतो, आणि मुख्याध्यापक होऊन २०१३ला परत गेलो. पहिल्या वेळी पटावर दोनशेच्या वर पोरं होती. परत गेलो तेव्हा सव्वाशे, आणि शेवटच्या वर्षी सत्त्याऐंशी. सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गावात यायची आणि ज्यांची ऐपत होती त्यांची पोरं घेऊन जायची. या पटावर मुख्याध्यापकाचं पद राहणार नव्हतं. माझ्यानंतर कोणी मुख्याध्यापक येणार नाही, सहावी-सातवीच्या बाईंकडं नुसता प्रभार जाईल, हे मार्चमध्येच कळलं होतं. म्हणजे माझ्याबरोबर खुर्चीही निवृत्त होत होती.

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईकडं जूनच्या मध्यावर घंटा होते, आमच्याकडं ऊन पाहून त्या वर्षी २६ जूनला होती. त्यामुळे माझे शेवटचे आठवडे म्हणजे मे आणि जून, रिकाम्या शाळेत. पोरांचे म्हणून फक्त चार दिवस हाती येणार होते: २६, २७, २८ आणि २९. ३० तारखेला रविवार होता. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा शेवटचा दिवस रविवारी यावा, याची आमच्या घरात फार थट्टा झाली.

त्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७च्या वर गेला. सकाळी सहालाच मी मोटारसायकलनं निघायचो आणि अकराच्या आत परतायचो. सकाळी गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी असायची. बाकी सगळं गाव पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला जंगलात. दुपारी अंगणात, माजघरात, जिथं सावली तिथं बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. आमचे सातवीचे पोट्टे पुडे बांधण्यात इतके तरबेज, की एरवी सत्तरपर्यंत मोजताना अडणारा पोरगाही पानं मोजताना चुकत नसे. जंगलात वाघाची भीती आहेच. घोडाझरी अभयारण्य २०१८ साली जाहीर झालं, पण वाघ त्याच्या आधीपासून आहे आणि त्याला हद्द माहीत नाही. बाया पाच-सहाच्या टोळीनं जातात आणि आवाज करत राहतात.

मी रिकाम्या कार्यालयात बसून चार्जची यादी करत होतो. ज्यानं कधी चार्ज दिला नाही त्याला हे काम काय असतं ते कळणार नाही. कॅशबुक, पोषण आहाराची तांदूळ-डाळीची वही, शेरेबुक, आवक-जावक, समितीचं इतिवृत्त, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. खडू-फळा योजनेत आलेली विज्ञानपेटी: आहे, आत काही नाही. पृथ्वीगोल एक: आहे, पण दक्षिण अमेरिकेपासून खाली फुटलेला. हार्मोनियम एक: पेटी आहे, भाता उंदरांनी खाल्लेला. सतरंज्या सहा: दोन सापडल्या, दोन गावातल्या लग्नांतून परत आल्या नसाव्यात. लोखंडी खुर्च्यांचा आकडा जुळेना, तर एक खुर्ची ग्रामपंचायतीत सापडली, शाळेचं नाव मागं रंगवलेलं तसंच. सरपंच त्याच खुर्चीवर बसून माझ्याशी बोलत होते. मी काही बोललो नाही, ते उठल्यावर घेऊन आलो.

उलटही एक झालं. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, हातभर लांब, तारेनं कडूनिंबाला टांगलेला. नागपूर-नागभीड छोट्या लाइनीचा तो रूळ कोणी कधी आणला कोणाला माहीत नाही. तो १९८९लाही होता. डेडस्टॉकमध्ये त्याची नोंदच नाही. बाईंनी विचारलं, “सर, हा कुठं दाखवू?” मी म्हटलं, जो आहे आणि लिहिलेला नाही, त्याचं कोणी विचारत नाही. जो लिहिलेला आहे आणि नाही, त्याचं विचारतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती छोटी लाइन मोठी करायची म्हणून बंद झाली. नागभीडला आमच्या घरी रात्री ऐकू येणारी तिची शिट्टीही गेली.

दाखलखारीज रजिस्टर मात्र मी शेवटी उघडलं. शाळेत सगळ्यांत जपायचं ते तेच. शाळेची भिंत पडली तर नवी बांधता येते, हे रजिस्टर हरवलं तर गाव जन्मलंच नाही. माझ्या अक्षरातली पानं लगेच ओळखू आली. त्या काळी मी शाईपेन वापरायचो आणि ‘ज’ला जरा जास्त शेपटी काढायचो. सहज म्हणून मोजत बसलो. त्या सात वर्षांत माझ्या हातच्या नोंदी १७१. त्यांत १ जून किंवा १ जुलै जन्मतारीख ११८. एका पानावर तर वरपासून खालपर्यंत सगळी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. त्या वेळच्या तपासणीत यावर एका शब्दाचाही शेरा नाही, उलट ‘नोंदी अद्ययावत व सुवाच्य’ असं लिहिलेलं आहे.

त्या ११८मधला एक जण १० जूनच्या सकाळी दारात येऊन उभा राहिला. मी त्याला १९९१ला पहिलीत घेतलं होतं. हुशार नव्हे, पण पायाचा फार चपळ. केंद्राच्या खेळांत धावण्यात कधी दुसरा आला नाही. आता तो बांधीत राबायचा आणि पहाटे डांबरी रोडनं पळायचा. बारा-तेरा वर्षं पोलीस भरती देत होता. एकदा दोन गुणांनी गेली, एकदा गोळाफेकीत. आमच्या दोन जिल्ह्यांत असे पळणारे पोरं गावोगाव दिसतील. कारखाना नाही, जमीन दीड एकर, तीही पावसावरची.

“गुरुजी, यंदा भरती निघन म्हंतात. माही तेहतीसची अट हाये. एक जूनला तेहतीस पुरे झाले.”

“मग?”

“माय म्हंते मी धानकापनीचा हावो. कार्तिकातला.” मग खाली बघत म्हणाला, “रजिस्टर तुमच्यापाशी हाये ना जी अजून.”

मला १९९१ची ती सकाळ आठवली नाही. आठवली असती तर बरं झालं असतं. पण काय झालं असेल ते मला माहीत आहे, कारण ते ११८ वेळा झालं. त्याची माय त्याला कडेवर घेऊन आली असेल. मी विचारलं असेल, कधीचा? ती म्हणाली असेल, बोडीची पाळ फुटली त्या साली, धान कापाले गेली होती. बोडीची पाळ १९८६च्या पावसाळ्यात फुटली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे साल मला कळलं होतं. महिनाही कळला होता. पण धानकापणीचं पोर म्हणजे जूनमध्ये साडेचार वर्षांचं. पाच पुरी पाहिजेत. पट वाढवायचा होता, आणि पोरगं घरी ठेवलं तर पुढच्या वर्षी ते गुरांमागं गेलं असतं. म्हणून १ जून १९८६. अंकी आणि अक्षरी. मी त्याच्यावर उपकारच केला होता असं मला तेव्हा वाटलं असणार.

मी त्याला म्हटलं, नाही करता येत. शाळा सोडलेल्या पोराची नोंद बदलायला वरचा आदेश लागतो. मी हात लावला तर गुन्हा होतो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “खोटं लिवलं तवा चाललं. आता खरं लिवाले नाय म्हंता.”

एवढं बोलून तो गेला. आवाज चढवला नाही, चप्पल घालताना मला नमस्कारही केला.

आता जे सांगतो ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या तळातून एक कोरं रजिस्टर काढलं. त्याच छापखान्याचं, त्याच पिवळ्या कागदाचं, कधीतरी जास्त आलेलं. १९९१चं ते पान शिवणीतून सुटलेलंच होतं. अक्षर माझं, पेनही घरी असेल. वीस नोंदी पुन्हा लिहायच्या, एक बदलायची, पान आत सरकवायचं. तासाभराचं काम. मी दोन ओळी कोऱ्या कागदावर लिहून पाहिल्याही. ‘ज’ची शेपटी तशी जमेना. हात आता कापतो थोडा. पण तेवढ्यामुळे थांबलो असं म्हणणार नाही. त्या पानाच्या तळाशी तपासणीची सही होती, एका विस्तार अधिकाऱ्यांची. साधा माणूस, सायकलनं यायचे, आता हयात नाहीत. पान नवं करायचं तर ती सही मला करावी लागली असती. मी ते कोरं रजिस्टर परत तळाला टाकलं आणि डेडस्टॉकमध्ये नोंदवून टाकलं: कोरी नोंदवही, एक.

जुन्या मध्यप्रांतातल्या आमच्या भागात जन्ममृत्यूची नोंद कोतवाल ठेवत असे. ती कोतवाल पंजी तहसीलमध्ये जपलेली असते, आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक तिच्यामागं हिंडतात. त्याच आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी मला ब्रम्हपुरीला जायचं होतं. मनात आलं, आपलं तरी पाहावं. अर्ज केला, फी भरली, ओळखीच्या कारकुनानं पंजी काढून दिली. माझ्या वडिलांच्या नावापुढं दोन नोंदी मिळाल्या: मार्च १९६०, मुलगा. नोव्हेंबर १९६१, मुलगा. नावं नाहीत, कारण त्या वेळी बारसं व्हायच्या आधीच कोतवाल लिहून मोकळा व्हायचा. आम्ही दोघं भाऊ झालो आणि एक लहानपणीच गेला, एवढं मला माहीत होतं. तो माझ्या पुढचा की पाठचा, हे मी आईला कधी विचारलं नाही. ती २००४ला गेली, आता सांगणारं कोणी नाही. मी मार्चचा असेन तर सव्वा वर्ष सरकारचा पगार फुकट खाल्ला. नोव्हेंबरचा असेन तर पाच महिने बुडाले. तहसीलच्या बाहेर चहा पिताना मला हसू आलं आणि मग आलं नाही.

परतताना सरळ त्या पोराच्या घरी गेलो. तो नव्हता. माय अंगणात पुडे बांधत होती. विचारलं, “बाई, हा पोरगा झाला कुठं? इथं की माहेरी?”

“मायेरी जी. पहिला ना. बापाच्याच बांधीत पोट दुखाले लागलं.”

तिचं माहेर सिंदेवाही तालुक्यात. म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीत नोंद नसणारच, आणि कोणी तिकडं जाऊन पाहिलंच नव्हतं. बारा-तेरा वर्षं पळणाऱ्या पोराला हे कोणी सुचवलं नाही. मीही नाही. दोन दिवसांनी तो आणि मी माझ्या मोटारसायकलवर गेलो. वाटेत तो चार शब्दही बोलला नाही. तिथल्या ग्रामसेवकांनी कपाट उघडलं तर उधई लागलेली. वहीचा डावा कोपरा गेला होता, पण तारखेचा रकाना उजवीकडं होता. ९ नोव्हेंबर १९८६, मुलगा, बापाचं नाव, आईचं नाव. पोरानं त्या नोंदीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दाखला मिळाला. मी माझा लेखी जबाब दिला: सदर विद्यार्थ्याची जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी मी अंदाजे नोंदवली, पुरावा घेतला नाही, चूक माझी आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला. २८ जूनला जावक वहीत शेवटचा क्रमांक टाकून ते प्रकरण मी वर पाठवलं. बाई म्हणाल्या, “सर, जाता जाता स्वतःच्या अंगावर कशाला घेता? पेन्शन अडवतील.” अडवली नाही कोणी. त्या जबाबाची कोणी दखलच घेतली नाही.

उत्तर आलं ते पोळ्याच्या सुमारास, बाईंकडं. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत बदल करता येत नाही, सबब प्रस्ताव परत. दोन ओळी. मी त्याला म्हटलं कोर्टात जाऊ, वकिलाचं मी पाहतो. तो म्हणाला, धान निसवलं हाये, आता वेळ नाय. पुन्हा बोललो नाही. तो आता नागभीडला एका राईस मिलवर आहे. रस्त्यात भेटला की राम राम करतो, पण गाडी थांबवत नाही.

निरोप समारंभ २९ तारखेला शनिवारी झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि माझ्याविषयी पाच जणांनी केलेली भाषणं. त्यांतलं निम्मं कोणा दुसऱ्या माणसाविषयी होतं असं मला वाटत राहिलं. खिचडी करणाऱ्या दोघी मदतनीस मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी खिचडीत घरचं तूप घातलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सकाळचं, समारंभाच्या आधीचं. सकाळची शाळा, साडेसातची वेळ. रात्री पाऊस झाला होता, आणि पऱ्हे टाकायची घाई म्हणून निम्मा गाव बांधीत. त्या पोराची माय आपल्या नातीला घेऊन आली, दुसऱ्या मुलाच्या पोरीला. पहिलीत घालायचं होतं. पोरीच्या केसांना तेल चोपडून दोन वेण्या, अंगावर दोन मापं मोठा गणवेश. माझ्या मनात होतं की ती बाई शाळेत पाऊल टाकणार नाही. कॉन्व्हेंटची गाडी तिच्या दारावरून जाते.

मी रजिस्टर उघडलं. बाई म्हणाल्या, “सर, सोमवारी करू ना, मी करते.” मी म्हटलं, नाही, आज मीच लिहितो.

आजीनं पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आधार कार्ड आणि जन्माचा दाखला. नागभीडच्या दवाखान्यात झालेली पोरगी, शिक्का-सही सगळं ठीक. १४ ऑगस्ट २०१३. मी दाखला दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“आता एक जून नाय का लिवत जी?” आजीनं विचारलं. ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मी अंकी लिहिलं. मग अक्षरी: चौदा ऑगस्ट दोन हजार तेरा. रकाना लहान होता, ‘तेरा’ जरा दाटून बसला. पोरगी टेबलाला धरून टाचा उंचावून बघत होती. तिला विचारलं, वाचता येतं का? तिनं मान हलवली, येत नाही म्हणून. तेवढ्यात सातवीच्या एका पोट्ट्यानं कडूनिंबाखालच्या रुळावर दगड हाणला आणि ती आजीचा हात सोडून प्रार्थनेच्या ओळीकडं पळाली.